डाळिंब रंगावर घेऊ नका

कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत काय, लक्ष्मीपुरीत काय, डाळिंबाच्या गाडीवर एक फळ फोडून ढिगाच्या टोकाला ठेवलेलं असतंच. दाणे गडद लाल, पाणी मारून चकचकीत केलेले. वर लाल-नारंगी ताडपत्री, त्यामुळं खालच्या फिक्या फळांवरही आपोआप लाली चढते. "घ्या की वैनी, रंग बघा रंग, रक्तावानी हाय," असं गाडीवाला म्हणतो आणि घेणारीही रंगच बघते. घरी जाऊन फळ फोडावं तर दाणे गुलाबीसर, चव आंबट-तुरट आणि निम्म्या जागेत नुसता पिवळा पापुद्रा. यात दोष गाडीवाल्याचा थोडा आणि आपल्या समजुतीचा जास्त.

डाळिंबाचा रंग आपल्याला दोनदा चकवतो. एकदा साल बघून फळ घेताना. दुसऱ्यांदा दाण्यांची लाली बघून "यानं रक्त वाढतं" असं घरच्यांना सांगताना. दोन्ही समजुती इतक्या घट्ट बसल्यात की जरा मुळापासून बोलायला हवं.

साल लाल कशामुळं होते

लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. हीच द्रव्यं जांभळात असतात, कोकमात असतात. ती सालीत किती तयार होणार हे पहिल्यांदा वाणावर ठरतं. आपल्या आधीच्या पिढीनं खाल्लेलं डाळिंब बहुतेक 'गणेश' असायचं. आळंदी वाणाच्या रोपांतून डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंडीत 1936 मध्ये ते निवडलं. त्याची साल पिवळसर, वर गुलाबी झाक, दाणे फिके गुलाबी, पण बी मऊ आणि चव गोड. आज बाजारात जे लालभडक दिसतं ते बहुतेक 'भगवा'. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ते या शतकाच्या सुरुवातीला दिलं. गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या गडद रंगाच्या वाणाशी करून पुढच्या पिढ्यांतून ते निवडलेलं आहे. म्हणजे रंग एका पालकाचा आणि मऊ बी दुसऱ्याची. 'शेंदरी' किंवा 'अष्टगंधा' म्हणून जे विकतात तेही साधारण हेच. तेव्हा पिवळट गणेश पूर्ण पिकलेलं असू शकतं आणि लाल भगवा कच्चा असू शकतो.

दुसरी गोष्ट हवामानाची. थंड रात्री आणि स्वच्छ ऊन असलं की रंग खुलतो, उन्हाचा कडाका असला की फिका राहतो. एकाच झाडावर, एकाच दिवशी तोडलेल्या दोन फळांत उन्हाकडचं लाल आणि पानाआडचं पिवळसर असतं. गोडीत फरक असेलच असं नाही. माझ्या मते रंग बघायचाच तर एवढ्यासाठी बघावा: सालीवर हिरवी छटा राहिलेली नाही ना. तेही फळ ताडपत्रीखालून बाहेर, उजेडात आणून. गाडीवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या.

झाडावर पिकलं तेवढंच पिकलं

इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, केळी, चिकू घरात पिकतात. डाळिंबाचं तसं नाही. झाडावरून तोडलं त्या घटकेला त्यात जेवढी साखर असते तेवढीच. पुढं एक कणही वाढत नाही. त्यामुळं "दोन दिस ठेवा, गोड हुतंय" असं कुणी म्हणालं तर हसून पुढच्या गाडीवर जावं. ठेवून फक्त पाणी उडतं, साल सुकते आणि आंबट होतं ते आंबटच राहतं.

भगव्याला फूल धरल्यापासून तयार व्हायला साधारण 180 ते 190 दिवस लागतात. सहा महिने झाड सांभाळायचं, फवारण्या करायच्या, त्यात तेल्या रोगाची टांगती तलवार. अशात भाव चढलेला दिसला की काही प्लॉट पंधरा-वीस दिवस आधीच उतरतात. शेतकऱ्याचं गणित कळतं, पण त्या घाईची चव आपल्या ताटात येते. उलट फळ झाडावर जास्त राहिलं तरी गोत्यात: आतले दाणे तपकिरी, लिबलिबीत होऊन उतरल्यासारखे लागतात आणि बाहेरून साल मात्र फोटो काढावा अशी.

हातात घेऊन काय बघायचं

आधी वजन. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्यायची आणि जड ते ठेवायचं. फळाच्या वजनात साल आणि पापुद्र्यांचा वाटा बराच मोठा, साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत असतो. दाणे रसानं भरले की जडपणा येतो. आत पोकळी, सुकलेले दाणे किंवा जाड साल असली की फळ दिसायला मोठं आणि हाताला हलकं लागतं. ही एक परीक्षा जमली तरी निम्मं काम झालं.

मग आकार. आपल्याला वाटतं गोल गरगरीत फळ चांगलं. पण तयार डाळिंब तसं गोल राहत नाही. आतले दाणे फुगून सालीला आतून रेटतात, मधले पापुद्रे तिला धरून ठेवतात, आणि बाजू चपट्या होऊन मध्ये बोथट कंगोरे उठतात. डोळे मिटून फळ तळहातात फिरवलं तरी ते कंगोरे बोटांना कळतात. गुळगुळीत चेंडूसारखं फळ बहुधा अजून भरायचं असतं.

तिसरा मुकुट, म्हणजे फुलाचा राहिलेला तुरा. कोवळ्या फळात त्याच्या पाकळ्या उघड्या, ताठ असतात. फळ तयार होत जातं तशा त्या आत मिटत येतात. या मुकुटात डोकावून बघायची सवय लावून घ्यावी. तिथं काळी-राखाडी बुरशी दिसली, कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, किंवा बुडाशी बोटानं दाबल्यावर मऊ लागलं, तर फळ खाली ठेवा. सड बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

टिचकी मारून आवाज ऐकणारे जाणकारही भेटतात. भरलेल्या फळाचा आवाज टणक, खणखणीत येतो म्हणतात आणि ते खरंही आहे, पण मंडईच्या गोंगाटात तो ऐकायला कान तयार लागतो. नखानं साल ओरखडून बघणं मात्र बंद करावं. तयार फळाची साल नखानं सहज खरवडते हे बरोबर, पण त्या ओरखड्यातून पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी बुरशी जाते.

साल थोडी सुकलेली, चामड्यासारखी दिसली म्हणून घाबरू नका. बाहेरचं पाणी आधी उडतं, दाणे तोवर ठीक असतात. फ्रीजमध्ये पंधरा दिवस राहून खडखडीत झालेलं फळ फोडल्यावर आत छान निघतं, हे घरोघरी माहीत असतं. साल सुकून आत सुरकुतली आणि फळ हलकंही लागलं, तर मात्र उशीर झालेला असतो.

आता आकारमानाचं. व्यापारात वजनावरून प्रतवारी होते: 750 ग्रॅमच्या वरचं 'सुपर', 500 ते 750 'किंग', 400 ते 500 'क्वीन', 300 ते 400 'प्रिन्स'. मोठ्या मापाला भाव जास्त, कारण ते भेट द्यायला आणि परदेशी पाठवायला चांगलं दिसतं. गोडीचा आणि मापाचा संबंध नाही. घरी खायला मध्यम आकाराची, जड फळं घ्यावीत. फोडलं की एका वेळी संपतं आणि एखादं खराब निघालं तरी नुकसान बेतानं.

डाग कोणता चालेल, कोणता नाही

कोल्हापूरला डाळिंब बाहेरून येतं, हे आधी सांगायला हवं. शाहू मार्केट यार्डात सौद्याला येणारा माल सांगलीच्या आटपाडी-जतकडचा, सोलापूरच्या सांगोला-मंगळवेढा-पंढरपूरकडचा. आपल्याकडं पाण्याची ददात नाही, ऊस उभाच आहे, मग डाळिंब का नाही? कारण पाणीच. हे झाड इराणच्या बाजूच्या कोरड्या मुलखातलं. हलकी, निचऱ्याची जमीन, कोरडी हवा आणि मोजकं पाणी त्याला मानवतं. आटपाडी-सांगोल्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस 500 मिलिमीटरच्या आतबाहेर. गगनबावड्यात तो हजारांत मोजावा लागतो. पंचगंगेच्या काठची काळी जमीन आणि चार महिने दमट हवा म्हणजे बुरशी आणि जिवाणूंना आवतणच. म्हणून सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे.

तिथंही पावसाळ्यात दमट हवा झाली की तेल्या येतो. हा जिवाणूजन्य रोग. फळावर काळपट तेलकट डाग पडतात, वाढले की त्यांवर बारीक चिरा जातात, कधी इंग्रजी वाय किंवा एलच्या आकाराच्या. शेतकऱ्याचं यानं कंबरडं मोडतं, कारण अशा फळाला व्यापारी हात लावत नाही. खाणाऱ्याला मात्र घाबरायचं कारण नाही. तो जिवाणू डाळिंबाच्या झाडाचा, माणसाला त्याची बाधा होत नाही. डाग सालीपुरता असेल आणि चीर खोल गेलेली नसेल तर आतले दाणे निर्धास्त खावेत. असा माल स्वस्तात मिळतो आणि मला विचाराल तर घरी खायला तो उत्तम सौदा आहे.

फुलकिड्यांनी खरवडलेली किंवा वाऱ्यात फांदीला घासलेली खरखरीत तपकिरी साल, तीही चालते. एका बाजूला भाजल्यासारखा टणक, फिका-तपकिरी चट्टा असेल तर ते उन्हानं करपलेलं फळ. त्या चट्ट्याखालचे दाणे पांढुरके, कोरडे निघतात, बाकीचे बरे असतात. भावात फरक मागावा.

नको ते तीन. तडकलेलं फळ: पाण्याचा ताण पडून अचानक पाऊस किंवा जास्त पाणी मिळालं, बोरॉन कमी पडलं, की साल तडकते आणि आत माशा-बुरशी जाते. बारीक गोल भोक असलेलं फळ: आत अळी असते किंवा होती, भोकाशी विष्ठा दिसते, फोडलं की घाण वास येतो. आणि कुठंही बोट रुतेल इतकं मऊ पडलेलं फळ.

एक प्रकार मात्र बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. फूल असतानाच बुरशी आत जाते आणि फळ वाढताना गाभा काळा होत जातो. साल शाबूत, रंग झकास. फार तर वजन किंचित कमी भरतं. यात विकणाऱ्याचा दोष नसतो, पण नेहमीचा फळवाला असला की दुसऱ्या दिवशी "आण्णा, कालचं एक काळं निघालं" म्हटल्यावर बदलून देतो. ओळखीच्या गाडीवरून घ्यायचा खरा फायदा हाच. गाभा काळा पडला असेल, बुरशी दिसत असेल किंवा आंबूस, दारूसारखा वास येत असेल, तर चांगले दिसणारे दाणे निवडत बसू नका, सगळं फळ टाका. कप्प्यात दोन-चार दाणे नुसते तपकिरी झालेत, वास नाही, बुरशी नाही, तर तेवढा कप्पा काढून बाकीचं खाता येतं.

कोणत्या महिन्यात कसलं

आपल्या हवेत डाळिंबाचं झाड सोडून दिलं तर वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं. त्यानं शेतकऱ्याचं भागत नाही, म्हणून तो 'बहार धरतो': पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ होते, छाटणी करतो आणि मग खत-पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलवलेला तो आंबे बहार, पावसाच्या तोंडावर तो मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो हस्त.

आपल्या दृष्टीनं याचा अर्थ असा. जून-जुलैपासून श्रावण, गणपतीपर्यंत गाडीवर दिसतो तो आंबे बहाराचा माल. उन्हाळ्यात वाढलेला, त्यामुळं रंग जरा फिका, आणि तोडणी पावसात, त्यामुळं डाग आणि सड जास्त. या दिवसांत वजन-मुकुट बघण्यात कंटाळा करू नये. नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढं मृगाचा माल येतो. थंडीत पिकलेला, रंग गडद, टिकायला चांगला. हस्ताचा माल फेब्रुवारी ते एप्रिल, साल देखणी आणि आवक कमी, म्हणून भाव चढा. आपली मागणी मात्र उपवासांच्या मागं धावते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटते आणि घरोघरी नऊ दिवसांचे उपवास असतात, तेव्हा भाव विचारायची सोय नसते. चार-पाच दिवस आधी घेऊन ठेवलेलं बरं, फळ तेवढं आरामात टिकतं.

फोडायचं कसं

सुरीनं मधोमध खचकन दोन तुकडे करणं ही सगळ्यात वाईट पद्धत. शेकडो दाणे कापले जातात, रस ओट्यावर आणि सदऱ्यावर. लोखंडी विळी किंवा सुरी असेल तर पातं काळं पडतं ते वेगळंच, कारण सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं संयुग तयार होतं. तेच टॅनिन जिभेला तुरट लागतं.

आत काय आहे ते माहीत असलं की सुरी लागतच नाही फारशी. मुकुटाकडच्या भागात साधारण सहा कप्पे, देठाकडं तीन, मध्ये आडवा पडदा. कप्प्यांच्या भिंती बाहेरच्या कंगोऱ्यांच्या आसपास सालीला चिकटलेल्या. मुकुटाभोवती सुरीचं टोक फक्त सालीपुरतं खुपसून गोल फिरवा आणि झाकण उचला. आता पांढऱ्या भिंती दिसतात. त्या भिंतींच्या रेघेवर वरून खाली सालीला उथळ चिरा द्या आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उकला. ते पाकळ्यांसारखं उघडतं, एकही दाणा न फुटता. दाणे अंगठ्यानं ढकलले की सुटतात. जास्त फळं असतील तर पातेलंभर पाण्यात धरून सोलावीत: दाणे तळाशी जातात, पापुद्रे वर तरंगतात, शिंतोडे उडत नाहीत.

आपण ज्याला दाणा म्हणतो ती एक पूर्ण बी आहे आणि रसाळ लाल भाग हे तिचं बाहेरचं आवरण. आतली टणक बी चावून खाल्ली तर काही बिघडत नाही, तंतू मिळतात. बियांमुळं अपेंडिक्स होतं ही भीती निराधार आहे. मात्र बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्यांनी एका बैठकीत ताटभर खाऊ नये आणि दातही न आलेल्या लेकरांना अख्खे दाणे देऊ नयेत, ठसका लागतो. 

रक्त वाढतं का?

दवाखान्यात कुणाला बघायला जायचं तर पिशवीत शहाळं, सफरचंद आणि डाळिंब ठरलेलं. बाळंतिणीला, पांढरी पडलेल्या पोरीला, रक्त कमी सांगितलेल्या सासूबाईंना "रोज एक डाळिंब खा" हा सल्ला फुकट मिळतो. लाल फळ म्हणजे लाल रक्त, एवढाच त्यामागचा हिशेब.

रक्ताची लाली हिमोग्लोबिनची, आणि हिमोग्लोबिनला लोह लागतं. डाळिंबाची लाली अँथोसायनिनची, त्यात लोहाचा संबंध नाही. दाण्यांत लोह किती? नेहमीच्या आहारतक्त्यांत 100 ग्रॅम दाण्यांना सुमारे 0.3 मिलिग्रॅम आकडा सापडतो. वाण, जमीन आणि मोजणीप्रमाणं तो दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंतही दाखवला जातो. आता गरज बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं. पहिला आकडा धरला तर रोज जवळपास दहा किलो दाणे खावे लागतील, सगळ्यात उदार आकडा धरला तरी एक किलो. त्यात वनस्पतींमधलं लोह शरीरात मुरतं थोडंच.

सोलापूरच्या केंद्रानं 'सोलापूर लाल' हा वाण मुद्दाम लोह आणि जस्त वाढवून तयार केला. 2017 मध्ये तो आला आणि त्यात 100 ग्रॅमला 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह सांगितलं जातं. काम मोठं आहे, पण गाडीवर मिळणारं फळ बहुतेक भगवाच असतं. आणि बाजरीत 100 ग्रॅमला सहाच्या वर लोह आहे, जी डाळिंबाच्या मानानं फुकट म्हणावी इतकी स्वस्त.

मग डाळिंब निरुपयोगी का? तसं नाही. त्यात 100 ग्रॅमला सुमारे 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि क जीवनसत्त्वानं धान्य-पालेभाजीतलं लोह मुरायला मदत होते. म्हणजे बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची भाजी आणि शेवटी डाळिंब, हे जुळतं. फक्त एवढ्यासाठीच खायचं असेल तर पेरू खा. त्यात याच्या वीस पट क जीवनसत्त्व असतं आणि दर किलोला निम्मासुद्धा नसतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर मुरणारं लोहही अडतं. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सोडून डाळिंबावर भिस्त ठेवणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि गरोदरपणात तो धोका आहे.

डाळिंबात जे खरोखर भरपूर आहे ते म्हणजे पॉलिफेनॉल्स: ती रंगद्रव्यं आणि प्युनिकॅलाजिनसारखी टॅनिन्स. ही टॅनिन्स दाण्यांपेक्षा साल आणि पापुद्र्यांत जास्त असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर दुसऱ्या संयुगांत करतात आणि त्यांवर जगभर अभ्यास चालू आहे. हृदयाला, रक्तदाबाला थोडा फायदा दिसतो, पण "कॅन्सर बरा होतो" छापाचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप पुढं पाठवू नयेत.

रस की दाणे

दाणे. यात मला शंका नाही. 100 ग्रॅम दाण्यांत 14 ग्रॅमच्या आसपास साखर, सोबत 4 ग्रॅम तंतू. रस काढला की तंतू चाळणीत राहतात, साखर ग्लासात येते. 200 मिलीच्या ग्लासाला मध्यम आकाराची निदान दोन फळं लागतात आणि त्यात 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे पाच चमचे. गाड्यावर वर आणखी साखर पडते ती धरलेलीच नाही. मधुमेह असणाऱ्यानं दाणे वाटीभर, जेवणाच्या हिशेबात धरून खावेत आणि रस टाळावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियमचं पथ्य असतं. डाळिंबात ते बऱ्यापैकी आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर रोज रसाचा रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तरीही रस करायचाच असेल तर मिक्सर एक-दोन झटक्यांपुरताच फिरवा. बिया भरडल्या गेल्या आणि पापुद्रे राहिले की रस तुरट झालाच. पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर वाटीनं रगडून काढलेला रस जास्त चांगला लागतो. काढला की प्या. ठेवला की रंग मंदावतो.

ठेवायचं कुठं आणि घालायचं कशात

अख्खं फळ बाहेर आठ-दहा दिवस, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात महिनाभर. सोललेले दाणे झाकणाच्या कोरड्या डब्यात चार-पाच दिवस. जास्त झाले तर ताटात पसरून फ्रीझरमध्ये गोठवावेत, मग पिशवीत भरावेत, एकमेकांना चिकटत नाहीत. मऊ पडतात, पण रसाला, आमटीला चालतात. धुवायचं ते फोडण्याआधी, आणून ठेवताना नाही. मुकुटात पाणी साचलं की बुरशी.

दहीबुत्तीत दाणे घालायचे ते वाढताना. आधी कालवले तर भात गुलाबी होतो आणि दाण्यांचा करकरीतपणा जातो. काकडीच्या कोशिंबिरीत, ओल्या भेळेवर, उपवासाच्या वऱ्याच्या तांदळावर, सगळीकडं शेवटीच. साबुदाण्याच्या खिचडीत काही जण घालतात, मला ते पटत नाही. तुपा-दाण्याच्या कुटाच्या चवीत ती आंबटगोड टिचकी उपरी वाटते. मसाल्यात जो अनारदाणा पडतो तो मात्र या गोड फळाचा नाही. हिमाचल-जम्मूकडच्या रानातल्या आंबट डाळिंबाचे ते वाळवलेले दाणे, आमचूर किंवा चिंचेच्या जागी वापरायचे.

साल फेकू नका असं बऱ्याच जणी सांगतात. कातडी कमावायला आणि कापड रंगवायला ती पूर्वापार वापरतात, आयुर्वेदात जुलाबावरच्या औषधांतही तिला जागा आहे. पण लहान मुलाला जुलाब लागल्यावर सालीचा काढा पाजत बसण्यापेक्षा मीठ-साखर-पाणी आणि दवाखाना. मुळांच्या सालीला तर हातही लावू नये, तिच्यातली अल्कलॉइड्स विषारी असतात.

आणि डाग. पांढऱ्या सदऱ्यावर रस उडाला की आपण धावत जाऊन साबण लावतो, आणि डाग निळसर-करडा होऊन पक्का बसतो. साबण अल्कधर्मी, आणि अँथोसायनिन अल्कात गेलं की निळं पडतं. आधी गार पाण्याची धार मागच्या बाजूनं सोडा, मग लिंबू चोळून पाच-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा गार पाणी. साबण त्यानंतर.